चरकावर छापलेली चित्रं

सकाळी तिनं तांब्याचा पत्रा ॲसिडमध्ये सोडला, हात धुतले आणि ती बारामतीला गेली. तासाभरात येते, असं आईला सांगून गेली. बाजारात रिक्षातून उतरताना ती पडली. लोकांनी तिला दवाखान्यात नेलं. मी कॉलेजातून तिथं पोचलो तेव्हा ती गेली होती. डोक्यात रक्तस्राव झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. पत्रा ॲसिडमध्येच होता.

ती माझी बायको होती आणि चित्रकार होती. जन्मली आणि शिकली पोलंडमध्ये, आणि लग्नानंतर आमच्या सांगवीत येऊन राहिली. कॅनव्हासवर रंग लावणाऱ्यांपैकी ती नव्हती. तांब्याच्या पत्र्यावर मेण आणि डांबर यांचा पातळ थर द्यायचा, त्यावर सुईनं रेघा काढायच्या आणि पत्रा ॲसिडमध्ये ठेवायचा, अशी तिची रीत. सुई जिथून फिरली तिथलं तांबं ॲसिड खातं, बाकीच्या जागी मेण त्याला अडवतं. मग मेण पुसून काढायचं, त्या खाल्लेल्या रेघांत शाई भरायची, वर ओला कागद ठेवायचा आणि पत्रा दाबाखालून काढायचा. कागदावर जे उमटेल ते चित्र. ते उमटेपर्यंत ती कुणाला काही दाखवत नसे, मलाही नाही. "पत्रा म्हंजे चित्र न्हाय," असं म्हणायची. तिचं मराठी माझ्या आईकडून आलं होतं.

त्यानंतरच्या दिवसांत मागच्या पडवीकडे कुणीच गेलं नाही. पाहुणे पुढच्या दारानं येत होते आणि पुढच्याच दारानं जात होते. तेरावं झालं, मांडव उतरवला, भाड्याची भांडी परत गेली. मग एका सकाळी आई पडवी झाडायला गेली आणि तिथूनच तिनं मला हाक मारली.

प्लास्टिकच्या ट्रेमधलं पाणी हिरवट काळं झालं होतं. मी तिचे हातमोजे घालून पत्रा वर काढला आणि नळाखाली धरला. मेणाचा थर ठिकठिकाणी सुटला होता. रेघांच्या जागी चर पडले होते, आणि काही चर आरपार गेले होते. पत्रा उजेडाकडे धरला तर त्यातून मागचा ऊस दिसला.

तिनं शेवटचं काय काढलं होतं ते मला माहीत नव्हतं. ते कळायचं तर पत्रा छापायला हवा होता. पण तो इतका झिजला होता की दाबाखालून एकदा जरी गेला तरी फाटण्याची भीती. छापला तर पत्रा जाणार, आणि चित्र नीट उमटेलच असं नाही. ठेवून दिला तर ती त्या सकाळी काय करत बसली होती ते कधीच कळणार नाही. तो पत्रा मी पुसून पडवीच्या खिडकीत उभा केला, आणि पुढचे काही महिने त्याच्या आसपास राहिलो. कॉलेजचं ग्रंथालय रोज वेळेवर उघडत होतो, मुलांना पुस्तकं देत होतो, संध्याकाळी परत येऊन खिडकीसमोर बसत होतो.

माझी तिची ओळख ग्रंथालयातलीच. मी शिष्यवृत्तीवर तिच्या देशात शिकायला गेलो होतो. तिथल्या एका जुन्या ग्रंथालयात तळघरात छापील चित्रांचे रुंद, उथळ कप्पे होते, आणि ते उघडून दाखवण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. ती आठवड्यातून एकदा येई आणि एकाच चित्रासमोर दुपारभर बसे. मी कप्पा उघडायचो आणि बाजूला थांबायचो. बोलणं फारसं व्हायचं नाही. बाहेर बर्फ पडत असायचं आणि तळघराच्या उंच खिडकीतून लोकांचे फक्त बूट जाताना दिसायचे. पुष्कळ दिवसांनी तिनं मला विचारलं, "तुमच्याकडे काय पिकतं?"

मी म्हणालो, "साखर."

ती हसली. तिचे वडील साखर कारखान्यात कामाला होते. तिकडे साखर बिटापासून करतात. शरद ऋतूत बिटं निघाली की कारखाना सुरू होतो, आणि सगळ्या गावावर एक जड, गोडसर, मातकट वास बसतो. तिच्या घरी गेलो तेव्हा तो वास घेत मी बराच वेळ अंगणात उभा राहिलो होतो. बिटाची शेतं सपाट, नजर पोचेल तिथवर मोकळी. त्या मोकळेपणाची मला थोडी भीती वाटली होती.

ती सांगवीत पहिल्यांदा आली तेव्हा माळेगावच्या साखर कारखान्याचा हंगाम चालू होता. कारखान्याजवळ आल्यावर तिनं गाडीची काच खाली केली. मळीचा वास आत आला. ती डोळे मिटून बसली आणि तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली. मग म्हणाली, "आमच्याकडे साखर मातीच्या खाली असते. तुमच्याकडे वर." पुढे एका शेताशी गाडी थांबवायला लावली आणि उसाच्या कडेला जाऊन उभी राहिली. दोन हात आत गेलं की माणूस दिसेनासं होतं, हे तिला फार नवलाचं वाटलं. आत जाऊन तिनं मला हाक मारली. फक्त पाचटाची सळसळ ऐकू आली, आणि हाक कुठून आली ते मला कळलंच नाही.

पहिली काही वर्षं तिला काम करता आलं नाही. तिच्या कामाला दाबाचं यंत्र लागतं, दोन लोखंडी रूळ असलेलं. ते मुंबईला होतं, बडोद्याला होतं, आमच्याकडे नव्हतं. कागद मिळत होता, तांबं पुण्याच्या तांबटांकडे मिळत होतं, पण छापायचं कशावर? ती लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीनं काढत बसे. आमच्या घरात लग्नपत्रिकांना तोटा नाही.

गावात चित्रकार म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली रंगवणारा. लोक तिच्याकडे येऊ लागले.

"वैनी, मागच्या फळीवर 'आईचा आशीर्वाद' टाका की. खाली दोन गुलाब."

"मला गुलाब येत न्हाय," ती म्हणायची.

"मग काय येतं?"

"करकोचा येतो."

"टाका मग करकोचा. पर मोठा टाका, लांबनं दिसाय पायजे."

अशा रीतीनं आमच्या भागातल्या तीन-चार ट्रॉल्यांवर आईच्या आशीर्वादाखाली लांब पायांचे करकोचे आले, घरट्यात एका पायावर उभे. तिच्या गावी करकोचे विजेच्या खांबांवर घरटी करतात. कारखान्याच्या गाडीतळावर उसाच्या रांगेत त्या ट्रॉल्या उभ्या असल्या की ओळखू यायच्या. एकदा मी तिला विचारलं, हे काम तुला कसं वाटतं. ती म्हणाली, "चित्र गावभर हिंडतं. म्युझियममधलं हिंडत नाही." पण रात्री जेवताना ती हाताची बोटं टेबलाच्या कडेवर फिरवत राही, सुई धरल्यासारखी, आणि आई माझ्याकडे बघायची.

चरक आईनं दाखवला. माझे चुलते, त्यांना सगळे तात्या म्हणतात, त्यांचं पूर्वी गुऱ्हाळ होतं. सगळा ऊस कारखान्याला जायला लागल्यावर ते बंद पडलं, आणि रस काढायचा लोखंडी चरक त्यांच्या गोठ्यामागे गवतात पडून राहिला. आई एक दिवस तिला तिथं घेऊन गेली. शेणी थापायच्या निमित्तानं गेली असेल. चरकाला रूळ असतात, एकावर एक दाबून फिरणारे. ती गवतात गुडघ्यावर बसली आणि गंजलेल्या रुळांवर हात फिरवू लागली.

तात्या खाटेवरून ओरडले, "काय सूनबाई, रस काढायचाय व्हय?"

"न्हाय तात्या. चित्रं काढायचीत."

"चरकातनं?" तात्यांनी आईकडे पाहिलं. "हिला ऊन लागलं का गं?"

माळेगावातला एक फिटर आला. त्यानं तिचं म्हणणं ऐकलं, तिनं काढलेला आराखडा उलटा-सुलटा करून पाहिला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, म्हंजे कागद चरकात घालायचा? त्यातनं चिपाडच निघंल की." पण काम त्यानं मनापासून केलं. रुळांवरच्या खाचा लेथवर घासून गुळगुळीत केल्या, एक रूळ काढून टाकला, उरलेल्या दोन रुळांच्या मधे सरकणारी लोखंडी फळी बसवली, आणि हातानं फिरवायला कुठलंसं जुनं मोठं चाक आणलं. चरक आमच्या पडवीत आला तेव्हा बघायला गल्ली जमली होती. कुणीतरी लिंबू-मिरची बांधली. ती तिनं काढू दिली नाही.

मग दुसरी अडचण. कागद आणि रूळ यांच्या मधे लोकरीचा जाड नमदा लागतो, गादीसारखा, म्हणजे ओला कागद रेघांच्या आत नीट दाबला जातो. तो नव्हता. आईनं पेटी उघडून माझ्या वडिलांची घोंगडी आणली. काळ्या मेंढीच्या लोकरीची, इंदापूरच्या बाजारात घेतलेली, चांगली जड. वडील शेतावर पाणी धरायला जाताना ती खांद्यावर टाकून जात. तिनं ती दुमडली, पत्र्यावर कागद ठेवला, कागदावर घोंगडी ठेवली. मी चाक फिरवलं.

पहिलं चित्र कालव्याचं होतं. सकाळचं धुकं, कडेची बाभळ, आणि वर बरंचसं रिकामं आभाळ. कागद उचलला तर त्या आभाळात घोंगडीची वीण उमटली होती. उभे-आडवे धागे, कुठं गाठ, कुठं सुटलेलं टोक, सगळं कागदात खोल दाबलं गेलं होतं. पाण्यावरही तेच. एक जागा सुटली नव्हती. तिच्या चित्रशाळेत असं चित्र कुणी दाखवलं असतं तर फाडून टाकायला सांगितलं असतं, असं ती म्हणाली. दुपारभर ती पायरीवर ते चित्र मांडीवर घेऊन बसली होती.

आई भाकरीचं पीठ मळता मळता बाहेर आली. वाकून पाहिलं. "आगं, चांगलं झालंय की. आभाळाला गारठा लागत हुता, पांघरूण घातलंस."

ती हसली नाही. तिनं पोलंडमधल्या आपल्या जुन्या मास्तरांना कळवलं आणि त्यांनी चांगला पांढरा नमदा पाठवून दिला. त्यावर तोच पत्रा पुन्हा छापला. आभाळ स्वच्छ आलं, पाणी स्वच्छ आलं. दोन्ही कागद तिनं पडवीच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावले आणि पुष्कळ दिवस येता-जाता बघत राहिली. मग एका सकाळी मी दूध काढायला गेलो तर नमदा कालवडीखाली अंथरलेला होता. आजारी होती ती, आणि थंडी होती. पडवीत घोंगडी परत आली होती. त्यानंतर तिनं जे जे छापलं त्या सगळ्यांत ती वीण आहे. परदेशातले लोक पत्र लिहून विचारायचे की हे कसं साधता. ती उत्तर द्यायची की सासऱ्यांच्या घोंगडीनं, आणि त्यांना वाटायचं की ही काहीतरी लपवते.

रविवारी आम्ही मोटारसायकलवरून इंदापूरच्या बाजूला जायचो. भिगवणच्या पुढं धरणाचं पाणी पसरलेलं आहे, तिथं. हिवाळ्यात पाण्यावर पक्षी असायचे, आणि दुर्बिणी घेतलेले पुण्याचे लोक. करकोचे दिसले की ती बघत राही. मी एकदा विचारलं, तुझ्या गावचे असतील का. ती म्हणाली, "न्हाय. तिकडचे आफ्रिकेला जातात. हे त्यांचे पाहुणे असतील, लांबचे."

पण तिला आवडायचा उन्हाळा. पाणी ओसरलं की धरणात बुडालेल्या जुन्या गावांचे चौथरे वर येतात. भिंतींच्या रांगा, एखादी उंबऱ्याची शिळा, तडकलेल्या गाळात अडकलेलं जातं. मेंढ्या तिथून चरत जातात. ती एखाद्या चौथऱ्यावर बसून काढायची आणि मी सावली शोधत पुस्तक वाचायचो. एकदा एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. तिच्या शेजारी उभे राहून त्यांनी तिच्या वहीत पाहिलं, मग काठीनं जमिनीवर दाखवलं.

"बाई, तुमी बसलाय तितं आमची चूल हुती."

ती पटकन उठली.

"बसा, बसा. आता काय चटका लागतोय व्हय." ते हसले. मग काठीनं खुणा करत त्यांनी तिला घरभर फिरवलं. हितं दार, हितं गोठा, हितं माझी आई दळायची. ती त्यांच्या मागून चालत होती, दार असेल तिथून वाकून आत जात होती, भिंत असेल तिथं वळसा घालत होती. मी लांबून बघत होतो. मोकळ्या माळावर दोन माणसं एका नसलेल्या घरात हिंडत होती आणि त्यांच्या पायांखालून धूळ उडत होती.

"आता कुठं राहता?" तिनं विचारलं.

"वर. नव्या गावठाणात. पक्कं घर हाय, नळ हाय."

"मग हितं कशाला येता?"

"बघाय." त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुमचं गाव कुठलं?"

"लांब हाय."

"पाण्याखाली गेलं का?"

"न्हाय. पाण्याखाली न्हाय. नुसतं लांब हाय."

"मग बरंय," ते म्हणाले, आणि काठी टेकत मेंढ्यांच्या मागं गेले.

त्या दिवशी परत यायला संध्याकाळ झाली. सूर्य उसाच्या मागं गेला होता आणि रस्त्यावर एक निळसर उजेड राहिला होता, कुठूनच येत नसल्यासारखा. कुठंतरी पाचट पेटवलं होतं. काळी पानं हवेतून हळू हळू खाली येत होती, आमच्या अंगावर, रस्त्यावर, कालव्याच्या पाण्यावर. ती म्हणाली, "बर्फ असाच पडतो. आवाज न करता." तिला गाव आठवतं का, असं मी कधी विचारलं नाही. ते दिसत होतं. कार्तिकात दिवाळी संपल्यावर ती कालव्याच्या कडेला पणत्या लावायची, तिच्या वडिलांसाठी, कारण त्यांच्याकडे गेलेल्यांसाठी दिवे लावायचे दिवस तेच. शेजारणी म्हणायच्या, "वैनी, दिवाळी झाली की वो." "आमची आत्ता हाय," ती म्हणायची. दुसऱ्या वर्षापासून आईही एक पणती घेऊन जायला लागली.

पुण्याला तिच्या चित्रांचं प्रदर्शन झालं तेव्हा एका बाईंनी तिला विचारलं, तुमची कला पोलिश म्हणायची की भारतीय. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "ते मला माहीत न्हाय. सातची गाडी चुकली तर सांगवीला पोचायला रात्र होती." लोक हसले. तिला का हसले ते कळलं नाही. गाडी मात्र मिळाली.

आता पत्र्याकडे येतो.

तिच्या भावाला मी फोनवर पत्रा दाखवला. तो तिच्यापेक्षा धाकटा, शाळेत शिकवतो, माझं मोडकं पोलिश समजून घेतो. त्यानं तो मला उजेडाकडे धरायला लावला. मग म्हणाला, तो छापू नकोस. इकडे पाठव. गावात लहानसं संग्रहालय आहे, तिथं काचेत ठेवू. ती ज्या दिवशी गेली तो दिवसच त्याच्यात आहे, असं तो म्हणाला. मला ते खरं वाटलं. विचार करून सांगतो, असं म्हणून मी फोन ठेवला.

फिटर एकदा चाकाला तेल द्यायला आला तेव्हा मी त्याला पत्रा दाखवला. त्यानं तो बोटांवर तोलला.

"दाब कमी ठेवला तर टिकंल. पर मग उमटायचं न्हाय."

"आणि दाब दिला तर?"

"उमटंल. टिकायचं न्हाय." त्यानं पत्रा परत खिडकीत ठेवला, अगदी होता तसा. "सर, मला इचाराल तर ऱ्हाऊ द्या. घरात एक वस्तू ऱ्हाती."

मीही तसंच ठरवत आणलं होतं. पण खिडकीसमोर बसता बसता माझ्या लक्षात एक गोष्ट आली. पत्र्यातल्या भोकांतून उजेड यायचा, आणि त्या उजेडात मला चित्रं दिसायची. एका संध्याकाळी मेंढ्या दिसल्या. एकदा तळघराची खिडकी आणि बूट. एकदा ती स्वतः, पाठमोरी. रोज वेगळं, आणि रोज इतकं स्पष्ट की मी उठून आईला सांगायला जायचो आणि दारातच थांबायचो. मी तिच्या पत्र्यावर माझी चित्रं काढत होतो. अजून काही महिने गेले असते तर तिनं काढलेलं जे काही होतं ते माझ्या चित्रांखाली पुरतं बुडालं असतं, आणि मला त्याचं दुःखही झालं नसतं.

आईनं तिचं म्हणणं एकदाच सांगितलं. मी जेवत होतो. ती म्हणाली, "ती जाताना म्हणली, आत्या, आल्यावर छापू. हात मोकळा ठेवा. मी हात मोकळा ठिवलाय."

पत्रा पुसायचं काम आईकडे असायचं. शाई भरल्यावर जादाची शाई आधी मलमलीनं आणि शेवटी तळहातानं पुसतात, अगदी हलक्या हातानं, म्हणजे शाई रेघांत राहते आणि वरचं तांबं साफ होतं. त्या दोघी ते काम समोरासमोर बसून करायच्या. गप्पा चालायच्या, त्यात अर्धे शब्द कुठल्याच भाषेतले नसायचे.

मी तिच्या भावाला फोन केला आणि छापणार असल्याचं सांगितलं. मग त्यानं विचारलं, ती पत्रे कधी भिंतीवर लावायची का? मी म्हणालो, नाही, ती पत्र्याला चित्र म्हणत नसे. "मग छाप," तो म्हणाला. "काय उरेल ते पाठव."

रविवारची सकाळ होती. आदल्या रात्रीच मी कागद भिजत घातला होता, तिच्या गठ्ठ्यातला. आईनं पत्रा तव्यावर कोमट केला, भाकरीचा तवा नव्हे, त्या दोघींचा छपाईचा दुसरा होता. शाई भरली. मलमलीचा बोळा भोकांत अडकत होता, म्हणून तिनं तो लवकरच बाजूला ठेवला आणि हातानंच पुसायला घेतलं. बराच वेळ लागला. बाहेर धुकं होतं, कालवा दिसत नव्हता, फक्त त्याच्या पलीकडून जाणाऱ्या ट्रॅक्टरवरचं गाणं ऐकू येत होतं, जवळ येत, लांब जात. आई पत्र्यावर इतकी वाकली होती की तिचा श्वास तांब्यावर दिसत होता.

"झालं," ती म्हणाली.

फळीवर पत्रा, पत्र्यावर कागद, वर घोंगडी. मी दाबाचे स्क्रू आवळले, तिच्या नेहमीच्या खुणेपर्यंत. आईनं फळीला हात लावून नमस्कार केला. मी चाक धरलं आणि फिरवलं. अर्ध्यात असताना आतून आवाज आला, वाळलं पान मोडल्यासारखा. मी थांबलो. आई म्हणाली, "थांबू नगं." मी चाक शेवटपर्यंत नेलं.

घोंगडी काढली. कागदाचा एक कोपरा मी धरला, दुसरा आईनं. उचलला तेव्हा पत्र्याचा एक तुकडा कागदालाच चिकटून वर आला आणि मग सुटून खाली पडला. पत्रा मधून फाटला होता, दोन्हीकडच्या कडा वळल्या होत्या.

कागदावर काळं फार थोडं होतं. चर इतके रुंद झाले होते की शाई फक्त त्यांच्या कडांना राहिली होती. प्रत्येक रेघेच्या जागी दोन बारीक रेघा आणि मधे पांढरी वाट. मेण सुटलेल्या जागी करडं, धुक्यासारखं काहीतरी. भोकांच्या जागी कागद वर फुगून आला होता, नुसता पांढरा. वीण सगळीकडे होती. मधोमध एक उभी, फिकी आकृती होती. माणूस असेल, खांब असेल, पाण्यात उभा असलेला पक्षी असेल. फक्त खालच्या डाव्या कोपऱ्यात, हाताच्या पंजाएवढ्या जागेत, मेण ॲसिडमध्ये टिकलं होतं. तिथं तिच्या सुईच्या रेघा होत्या, जशाच्या तशा, केसासारख्या. आडव्या रेघा, एकाखाली एक, आणि त्यांच्या शेवटी पाणी.

आईनं पदराला हात पुसले आणि कोपऱ्यावर बोट धरलं, न टेकता. "ह्या कालव्याच्या पायऱ्या. आमी धुणं धुतो त्या. ही बघ, ही खालची तुटकी."

संध्याकाळी फोनवर तिच्या भावाला कागद दाखवला. कोपरा समोर येताच तो म्हणाला, हा आमच्या तळ्यावरचा लाकडी धक्का आहे. बाबा आम्हाला तिथून पोहायला ढकलायचे. एक फळी मोडलेली होती, ती बघ, आहे. मी आईला मराठीत सांगितलं. तिनं फोनकडे पाहिलं, त्यानं तिच्याकडे. आई म्हणाली, "आसंल बाबा, तितंबी तुटकी आसंल."

मी दोघांचं ऐकलं. मला त्या कोपऱ्यात काय दिसलं ते मी सांगितलं नाही, कारण मला तिथं फक्त रेघा दिसल्या. तिनं त्या सकाळी एका बैठकीत काढलेल्या असणार, अर्ध्यात न थांबता, कारण एकाही रेघेत सुई उचलल्याची खूण नव्हती. खिडकीतली माझी चित्रं मात्र त्या दिवसानंतर आली नाहीत.

पत्र्याचे तुकडे मी कापसात गुंडाळून तिच्या भावाकडे पाठवले. कागद वाळल्यावर आई म्हणाली, खाली तिचं नाव घाल. छापलेल्या चित्राखाली चित्रकारानं पेन्सिलीनं सही करायची असते, ती त्यानंच करायची असते. मी घातलं नाही.

घरात आता आई आहे, मी आहे, पडवीत चरक आहे, आणि सही नसलेला एक कागद आहे.